व्हर्नामावशीचा हात

एप्रिलात आमच्या बेटावरची मटनबर्डची, म्हणजे जमिनीत बीळ करणाऱ्या समुद्रपक्ष्याची, पिल्लं इतकी लठ्ठ होतात की आईबापांपेक्षा जड भरतात. आईबाप लांब दक्षिणेच्या गार समुद्रातून बारीक कोळंबी पोटात साठवून आणतात, अंधार पडला की उतरतात आणि पिल्लाच्या घशात ओततात. एखाद्या साली समुद्रातच काही नसलं, तर पिल्लं बिळात सुकून मरतात. खारवून खायला, विकायला पिल्लू हातानंच काढायचं, खांद्यापर्यंत हात आत घालून. बोटांच्या टोकांना ऊब लागली तर पिल्लू, गार लागलं तर साप.

चाळीस हंगामांत व्हर्नामावशीचा हात चुकला नव्हता. "बिळात कोण बसलंय ते मला तोंडाशीच कळतं," म्हणायची.

"नवरा कसा निघणार ते नाही कळलं," तिचा भाऊ, आमचा क्लॅरीमामा, चिडवायचा.

"त्याला बिळातनं काढला नव्हता ना."

मामाचे गुडघे गेलेले, मी शेडात पिसं काढायला. टेकडावरच्या आमच्या वाट्याच्या पट्ट्यात पिल्लं काढणारी ती एकटीच. त्या साली मात्र ती हात घालायची आणि रिकामा बाहेर काढायची. तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून म्हणाली, "क्लॅरी, समुद्र उपाशी राहिला. आपला पट्टा बंद ठेव. उरलीत तेवढी तरी उडून जाऊ देत."

तिच्या शब्दावर कोण काय बोलणार? मामानं मिठाची पिंपं आवरायला घेतली. मावशी दारात बसून डोळे पुसत होती. "एवढ्या लांबनं यायचं, आणि लेकराला भरवायला काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाची तापलेली किटली उघड्या तळव्यानं उचलली. कातडी भाजली तरी ती बोलतच राहिली. तिला साखरेचा आजार होता, ते आम्हाला ठाऊक होतं; हात बधिर झालाय ते नव्हतं. मी टेकडावर गेले आणि तिनं रिकाम्या म्हटलेल्या बिळात हात घातला. ऊब लागली. शेजारच्या बिळातही तेच.

"काय शोधतेस गं?" मावशी मागं उभी होती.

मी पिल्लू बाहेर काढलं आणि तिच्या गालाला लावलं. ती डोळे मिटून उभी राहिली.

"हे कुठलं बीळ?"

"तू काल बघितलंस ते."

"आणि पलीकडचं?"

"त्यातही आहे, मावशी."

तिनं हात उलटासुलटा करून पाहिला. "म्हणजे सापसुद्धा कळला नसता." मग हळूच म्हणाली, "ठेव त्याला परत आत. पट्टा अजून बंद आहे."

खाली येऊन तिनंच मामाला सांगितलं. "पट्टा उघड. पक्षी भरपूर आहेत. आजपासून ही जाईल."

"आणि तू?"

"मी पिसं काढीन."

पण बारीक पीस तिच्या बोटांत धरलं जाईना. मी संध्याकाळी टेकडावरनं आले की तिनं साफ केलेली पिल्लं तिच्या पाठीमागं पुन्हा साफ करायची. मामा ते बघायचा आणि तोंड दुसरीकडे फिरवायचा.