माती सुकवणारे बल्ब

आमच्या पेडण्याच्या घराला लागूनच सासऱ्यांची गणपती घडवायची चित्रशाळा. चवथीला वाड्यावरच्या वीसेक घरांत त्यांच्याच हातचे गणपती बसतात. पण माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "यंदाचे गणपती शेवटचे. डोळे आखताना रेघ दिसत नाही." माझ्या मनात आलं, हा माणूस काम सोडून दिवसभर करणार काय?

दिसणार कसं, कप्पाळ! शंभर वॅटचे जुने, काजळलेले आठ बल्ब. वीज खाणार राक्षसासारखी नि उजेड मेला पिवळट. माझ्या डोक्यात काही आलं की मला दम निघत नाही. सासरे डिचोलीला लेकीकडे गेलेत असं बघून मी एलईडी दिवे आणले, स्टुलावर चढून सगळे बल्ब बदलले नि जुने खोक्यात भरले. चित्रशाळा लख्ख झाली. मी खूश.

चार दिवसांनी सासरे आले, मूर्तींना हात लावला नि ओरडलेच, "गो बाय, हे काय केलंस? माती ओलीच आहे!"

पावसात मूर्ती सुकतात त्या बल्बांच्या उबेवर, हे मला कुठून ठाऊक? मी फोंड्याची, आमच्याकडे गणपती रंगवलेलाच घरी यायचा. नि हे नवे दिवे थंडगार! करायला गेले एक, झालं भलतंच. मला रडूच फुटलं. सासूबाई म्हणतात कशा, "वीज वाचवली हो सुनेने! आता गणपतीला छत्री द्या."

लगेच खोका उघडला. ओल्या मूर्तींजवळ चारच बल्ब खाली टांगले, माती सुकली की बंद. रंगकामाच्या पाटावर मात्र मी एलईडी ठेवलाच. सासऱ्यांनी नाक मुरडलं, पण काढ म्हणाले नाहीत.

आखणीच्या सकाळी बाहेर अंधारून आलं होतं. सासरे पहिल्या मूर्तीपुढे बसले. मी दारात, जीव मुठीत धरून. डावा डोळा झाला, उजवा झाला. मग नुसते बघतच राहिले.

"दिसते गो," म्हणाले, "केसाएवढी रेघ दिसते."

त्या दिवशी सासूबाईंनी तीन हाका मारल्या तेव्हा कुठे ते जेवायला उठले. हात धुण्याआधीच त्यांनी मातीवाल्याला फोन लावला, "पुढच्या वर्षी माती जरा लवकर टाक रे."