माझा प्रश्न, लेकीच्या तोंडून

माझं जपानी आजही स्टेशन, दुकान आणि कचऱ्याच्या वेगवेगळ्या पिशव्या यांच्यापलीकडे फारसं जात नाही. ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे नऊ वर्षं निभावली. शाळेतून येणारे कागद मात्र लेकच वाचून दाखवायची. राजधानीतल्या फुनाबोरीहून आम्ही या गावात राहायला आलो तेव्हा ती सहावीत होती. ही गोष्ट घडली तेव्हा आठवीत.

मे महिन्यात तिच्या शाळेतल्या आरोग्यखोलीच्या बाईंनी आठवीचा एक तास घेतला. मुलांना खरचटलं, पोटात दुखलं की त्यांच्याकडे पाठवतात, त्या बाई. कोणाला मुलगा आवडतो, कोणाला मुलगी, कोणाला कोणीच नाही; आणि काहींना 'मुलगा' किंवा 'मुलगी' म्हणून जगाने लावलेली ओळख आपली वाटतच नाही, असं त्यांनी सांगितलं. लेक जेवताना भडाभडा बोलत होती. मी "बरं, आमटी घे," म्हणून विषय मिटवला.

महिन्याभरात आमच्या पत्रपेटीत पत्रक येऊन पडलं. छत्रीखाली आई, बाबा, दोन मुलं असं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरांत, लेकीने वाचून दाखवलं, 'शाळेत मुलांचा गोंधळ उडवू नका.' आमच्या भागातल्या एका नगरसेवकांनी नगरपालिकेच्या सभागृहात या तासावर प्रश्न विचारला होता, आणि पत्रकं त्यांच्याच माणसांनी वाटली होती. शाळेने पुढचा तास थांबवला आणि पालकांची सभा बोलावली.

खरं सांगायचं तर पत्रकातलं मला थोडंफार पटलं होतं. नवरा म्हणाला, "जाऊन विचार ना मग." मला दुभाषी लागणार म्हणून लेकीला सोबत न्यायची परवानगी शाळेने दिली.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सगळे पालक पाहुण्यांच्या हिरव्या स्लिपरा घालून घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. पुढे मुख्याध्यापक, आणि शेजारी त्या बाई, बारीक चणीच्या, मांडीवर वही. एकामागून एक पालक उठत होते. आवाज कोणीच चढवत नव्हतं, पण हवा ताणलेली होती. लेक माझ्या कानाशी भराभर मराठी करत होती.

मी तिला म्हटलं, "आता माझं विचार. चौदा वर्षांच्या मुलांना हे सांगायची एवढी घाई काय आहे? नसलेल्या गोष्टी डोक्यात भरणार नाहीत का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, असंच विचारू?"

"असंच."

ती उभी राहिली आणि बोलली. पत्रक हातात धरून बसलेल्या दोन-तीन पालकांनी जोरजोरात माना डोलावल्या. तेव्हा मला कळलं, तिने माझा एकही शब्द मऊ केला नव्हता.

बाईंनी मांडीवरची वही मिटली. मग म्हणाल्या, आणि लेकीने मला सांगितलं, "वीस वर्षं मी त्या खोलीत बसते. पोट दुखतं म्हणून मुलं येतात. काहींचं पोट दुखतच नसतं. मी सांगायच्या कितीतरी आधी ती हे मनात घेऊन आलेली असतात. त्यांच्याकडे फक्त शब्द नसतात."

एवढं सांगून लेक खाली बसेल असं मला वाटलं. ती बसली नाही. मुख्याध्यापकांकडे वळून तिने काहीतरी विचारलं. सोपे शब्द होते, मलाही समजले: आतापर्यंत मी आईचं बोलले, आता माझं बोलू का?

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

आता मला सांगणारं कोणी नव्हतं. ती बोलत होती आणि मला मधेमधे 'मैत्री', 'घर', 'भीती' एवढेच शब्द कळत होते. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी हातातलं पत्रक हळूच उलटं करून मांडीवर ठेवलं. हिला मी जन्म दिला, रोज डबा देते, आणि ही कोण आहे?

घरी चालत येताना मी विचारलं, "काय बोललीस गं?"

"वर्गातलं एक मूल आहे, त्याच्याबद्दल. तो की ती, ते मी तिथे सांगितलं नाही, तुलाही नाही सांगणार. तासानंतर त्याने पहिल्यांदा मला सगळं सांगितलं होतं. आता ते मूल दिवसभर आरोग्यखोलीत बसतं, वर्गात येत नाही. मी म्हटलं, हे पत्रक घरोघरी टाकलं, म्हणजे त्याच्याही घरी टाकलं. त्याच्या आईने ते फ्रिजवर लावलंय."

मी रस्त्यातच थांबले.

"आणि माझा प्रश्न? राग नाही आला?"

"आला ना. पण तो तुझा होता. बदलला असता तर मी खोटं बोलले असते."

पुढचा तास ऑक्टोबरमध्ये झाला, पालकांना मागे बसायची मुभा ठेवून. नगरसेवकांनी सभागृहात पुन्हा प्रश्न विचारला होता. तीन बाकं रिकामी होती, घरच्यांनी पाठवलंच नव्हतं. मी अर्धी रजा टाकून गेले. सुरुवातीला प्रत्येक चेहऱ्यात मी ते मूल शोधत होते. मग लाज वाटली, आणि मी बाईंकडे बघू लागले. शेवटी खिडकीजवळच्या कोणीतरी हात वर करून काही विचारलं. मला शब्द कळले नाहीत. बाई त्या बाकाजवळ गेल्या, गुडघे टेकून बसल्या आणि उत्तर देऊ लागल्या. सगळा वर्ग ऐकत होता. मीही.