मोट खाली जाईपर्यंत

चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. कोकणातलं घर सोडून मी अमरावतीत फोटो काढायला शिकायला आलो. स्टुडिओच्या मालकांनी राहायला मागची खोली दिली, दोन्ही वेळ घरच्या पंगतीला बसवलं. त्यांचे उपकार मी कधी विसरलो नाही. पण खाल्लेल्या घासागणिक मला धास्ती वाटायची, की हे किती दिवस चालणार? पडदे झाडणं आणि काचा धुणं यापलीकडे मला येत काय होतं?

एके दिवशी त्यांनीच विषय काढला. "अकोल्याचे माझे एक स्नेही आहेत, त्यांना शेतकी प्रदर्शनाचं काम मिळालंय. बाहेर हिंडून फोटो काढणारा माणूस हवाय त्यांना. एकाच विषयाचा अल्बम करून ने. पसंत पडला तर तुझं झालं. नाही तर बाबा, मी तरी तुला किती दिवस ठेवणार?"

एवढं बोलून त्यांनी आपला जुना कॅमेरा आणि फोटो ज्यांवर उमटायचा त्या काचांची पेटी माझ्यापुढे ठेवली. परत गावी गेलो असतो तर कॅमेरा पुन्हा हाताला लागला नसता. मी ठरवलं, जायचं नाही.

विषय रोज स्टुडिओसमोरूनच जात होता. गावाच्या जुन्या परकोटाबाहेरच्या वस्तीत, नाल्याच्या काठाला माळ्यांचे मळे होते. वकिलांच्या बंगल्यांच्या कुंपणांना चिकटून मेथी, वांगी, झेंडू, आणि ज्याला इथे सांभार म्हणतात ती कोथिंबीर. सकाळी तिथून निघालेली टोपली गावभर फिरायची. शहराच्या पोटातली ही शेती मला त्या अल्बमात हवी होती.

मी एका माळी नवरा-बायकोकडे गेलो. नवरा विहिरीवर मोट हाकायचा. बायको पाटाशी उभी राहून फावड्याने एकेका वाफ्यात पाणी वळवायची. मी तिपाई रोवली, काळा कपडा डोक्यावर घेतला आणि स्टुडिओत गिऱ्हाइकांना सांगतात तसंच सांगितलं, "मावशी, आता अजिबात हलू नका."

ती हलली नाही. पापणीसुद्धा हलवली नाही. मोटेचं पाणी मात्र येतच होतं. मी काच सरकवून, कपड्यातून डोकं बाहेर काढतो तर वाफ्याचा बांध फुटलेला, आणि सांभाराची कोवळी रोपं तिच्या पावलांवरून वाहत चाललेली. ती तरीही पुतळ्यासारखी उभी!

"मावशी, पाणी!"

"तूच म्हने हालू नको!" ती ओरडली. "मी थांबली, पन पानी थांबते का रे?"

विहिरीवरून नवरा म्हणाला, "फोटोसाठी वाफा बुडवला! बाप्पा, अशी हौस पायली नाई म्या."

काच धुतली तेव्हा त्या फोटोत एक घाबरलेली बाई आणि पायाशी वाहत्या पाण्याचा पांढरा धूर एवढंच होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठलो, कॅमेरा खोलीतच ठेवला आणि मळ्यात गेलो.

"काहून आला?" तिने विचारलं.

"बांध घालायला."

"येते का तुले?"

"शिकवा."

तिने फावडं माझ्या हातात दिलं. पुढचे काही दिवस मी सकाळी पाणी वळवायचो आणि दुपारी स्टुडिओत पडदे झाडायचो. माझ्या बांधांना ती रोज नावं ठेवायची. पण पाटाशी उभं राहिल्यावर एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली. मोट विहिरीकाठच्या हौदात, थारोळ्यात, रिकामी झाली की बैल धावेच्या उतारावरून उलट पावली विहिरीकडे चढतात आणि मोट पुन्हा विहिरीत उतरते. तेवढा वेळ पाट मंदावतो. मी आपसूक कंबर सरळ करायचो, फावड्यावर रेलायचो. मावशीही तेच करायची. कोणी सांगितलेलं नसताना माणूस तेवढाच वेळ स्थिर असायचा.

मग कॅमेरा पुन्हा आणला. "तुमी तुमचं काम करा," मीही आता त्यांच्यासारखंच बोलायला लागलो होतो, "माह्याकडं पाहूच नका." काळ्या कपड्याखाली मी मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकत थांबायचो. मोट उतरू लागून कुरकुर बदलली की काचेवरचं झाकण उघडायचं. कधी उशीर झाला, कधी बैलाने शेपटी झटकली, काचा वाया गेल्या. मी परत जात राहिलो. टोपली भरणाऱ्या बायका, फुलं तोडणारे म्हातारे, सगळ्यांच्या कामातला तो थांबा मी शोधत राहिलो.

अल्बम घेऊन बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. मालकांच्या स्नेह्यांनी पानं सावकाश उलटली. मावशीच्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं.

"हिला पढवलंस का, असं उभं राहायला?"

"नाही. मोट खाली जाते तेव्हा त्या अशाच उभ्या राहतात. तेवढ्यात काढला."

त्यांनी अल्बम मिटला. मी तो परत घ्यायला हात पुढे केला.

"आमच्याकडचे मळे लांबलांब आहेत. ऊन सोसेल?"

"सोसेल," मी त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणालो.

सामान न्यायला अमरावतीला परतलो. मालकांच्या पाया पडलो, आणि फोटोची एक प्रत घेऊन मळ्यात गेलो. मावशीने पदराला हात पुसले, फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हे मी व्हय? सारी चिखलानं भरली! लुगडं तरी बदलू द्याचं ना!"

नवऱ्याने डोकावून पाहिलं. "बैल साजरे आले."

"मावशी, मला अकोल्याचं काम मिळालं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पाटात पाणी आलं. तिने फोटो पदरात खोचला आणि फावडं उचलून वाफ्याकडे वळली.

"जाय मंग," पाठमोरीच म्हणाली, "पन तिकडं लोकाईचे वाफे फोडू नको!"