करमाडचे टोमॅटो आणि तात्यांचा मुलाहिजा

जोशी मॅडमनी डावीकडच्या चार ओळी पाहिल्या, उजवीकडच्या चार पाहिल्या आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या. पुण्याहून आलेली रिजनल मॅनेजर हसते, हे मी नोकरीत प्रथमच पाहत होतो. डावीकडची झाडं लाल फळांनी वाकली होती. उजवीकडे नुसता पाला.

करमाडजवळ तात्यांच्या शेतात मी टोमॅटोवर ट्रायल लावली होती. आमच्या कंपनीच्या बाटलीत होतं बायोस्टिम्युलंट, म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क. हे खत नव्हे आणि कीडनाशकही नव्हे. पानांवर फवारलं की झाड ऊन आणि पाण्याचा ताण जरा बरा सोसतं, फळ चांगलं धरतं, असा आमचा दावा. तो तपासायला डावीकडे अर्क मारायचा आणि उजवीकडे साधं पाणी. बाकी रोप, खत, ठिबक सगळं सारखं. या उजव्या बाजूला आम्ही कंट्रोल म्हणतो. फरक दिसला तर बाटली जिल्ह्यात विक्रीला जाणार होती आणि मी प्रोबेशनमधून सुटून कायम होणार होतो.

फरक दिसत होता. फारच दिसत होता. एवढी करामत आमच्या बाटलीत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उजवीकडचा एक घोस उचलला. देठ होते, फळं नव्हती आणि तुटलेली जागा अजून ओली होती. टोमॅटो तोडणाऱ्याची बोटं काळीहिरवी होतात, साबणालाही दाद देत नाहीत. मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी हात पाठीमागे नेले.

मी त्यांना पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे घेऊन गेलो.

"तात्या, हात दाखवा."

"हात काय बघता, साहेब? पहाटं तोडला माल. पाच क्रेट गोठ्यात हायती."

"पण का?"

"मला तर दोन्हीकडं सारखंच दिसत होतं. पुण्याच्या बाई येणार, चार गावची मानसं येणार. तुम्ही हंगामभर आमच्या चुलीवरचं खाल्लं. तुमची मान खाली जाऊ द्यायची व्हय? मानसाला मुलाहिजा असतो का नाय?"

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान, की मला रागावताही येईना. खरं सांगतो, गप्प बसायचा विचार मी केला. चांगला रंगवून केला. कायम नोकरीचं पत्र, गुलमंडीच्या बाजारातून बायकोला साडी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पण परत येतो तर सोयगावचा एक शेतकरी मॅडमना विचारत होता, यंदा खताचा एक डोस गाळून हेच मारलं तर चालेल का. मॅडम मान डोलवायच्या बेतात होत्या.

"मॅडम," मी म्हणालो, "उजवीकडचे टोमॅटो गोठ्यात आहेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, म्हशीला कोशिंबीर का?"

सगळे हसले. मॅडम सोडून.

त्यांनी काटा मागवला. तात्यांनी क्रेट स्वतः उचलून आणले. डावीकडचा पिकला मालही तोडला आणि सर्वांदेखत वजन झालं. आणि काय सांगू, डावी बाजू पुढे निघाली. थोडीच, पण निघाली. फळं जवळजवळ तेवढीच, आकार मात्र जरा मोठा. तात्यांची शेती इतकी नेटकी होती, की झाडांना ताण असा पडलाच नव्हता. अशा ठिकाणी अर्काला फार काही करायला उरत नाही. जो फरक डोळ्यांना दिसत नव्हता, तो काट्याने दाखवला.

सर्वांत जास्त चकित झाले ते तात्याच. "म्हंजी हे खरंच चालतं व्हय?"

मॅडमनी त्यांना एवढंच विचारलं, की माल आजच तोडला की याआधीही कधी हात लावला होता. तात्यांनी उत्तराला जरा जास्तच वेळ घेतला. मॅडमनी वही मिटली.

ट्रायल रद्द झाली. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. पुढच्या हंगामात दुसऱ्या शेतात सगळं पहिल्यापासून केलं. फरक पुन्हा थोडाच निघाला, बाटलीवर तेवढाच लिहिला गेला आणि बाटलीही बेतानेच खपली.

तेव्हापासून ट्रायलसाठी शेत निवडताना मी माती बघतो, पाणी बघतो आणि मालकाला मी फारसा आवडत नाही याची खात्री करून घेतो. जेवणाचा डबा घरून नेतो.