कपाळापर्यंत आलेला फोटो

माझं स्थळ समाजाच्या वधू-वर वेबसाइटवर टाकल्याचं मला वडिलांनी सांगितलं नाही. ते कळलं कंधारच्या आत्याच्या फोनवरून, आणि आत्यानंही ते तक्रार म्हणूनच सांगितलं. तिच्या मोबाइलवर माझा फोटो कपाळापर्यंत येऊन थांबला होता. तिनं चहा ठेवला, गाळला, पिऊन झाला, तरी नाकाचा पत्ता नव्हता.

मी नांदेडला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. काम काय, तर लोकांच्या वेबसाइटी लवकर उघडतील असं बघायचं. वडील निवृत्त शिक्षक, त्यांनी गल्लीत हे असं काही चढवून सांगितलंय की जगातलं इंटरनेट माझ्यावाचून हलत नाही. त्यामुळं दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या घरालाच ऐकावी लागली, आणि ती ऐकवायला समाजाच्या मंडळाचे सचिवकाका मुद्दाम लातूरहून आले. वेबसाइट त्यांच्याकडंच होती. तूच दुरुस्त कर, म्हणाले.

उघडून पाहिलं तर सगळे फोटो स्टुडिओतून आले तसेच चढवलेले, भिंतीवर लावण्याएवढे. माझा तर पीएनजी प्रकारच्या फाइलीत. पीएनजीत क्वालिटी कमी होत नाही, असं स्टुडिओवाल्यानं वडिलांना पटवलं होतं. ते खोटं नाही, पण तो प्रकार लोगोला आणि अक्षरांना शोभतो. माणसाचा चेहरा त्यात घातला की फाइल फुगते आणि आपल्याकडच्या रेंजमध्ये तिथंच बसून राहते.

मी काकांना सांगितलं की नव्या फोनला एव्हिफ हा फाइलचा प्रकार देऊ, तो सगळ्यात हलका. ज्याला तो समजत नाही त्याला वेबपी, आणि अगदीच जुनाट मोबाइलसाठी जेपीजी ठेवू. ज्याला जे कळतं ते तो आपलं उचलतो. तोच चेहरा कमी जागेत मावतो कसा, हे काकांना पटेना. मी म्हटलं, मी बॅग भरली की चेन लागत नाही. तेच कपडे आईनं भरले की वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबाही बसतो. एवढ्यावर ते मान डोलावायला लागले, पण मुलांच्या मिशा पुसट होतील ही धास्ती काही जाईना. शेवटी एका मुलाचा एकच फोटो तिन्ही प्रकारांत शेजारी लावून दाखवला. काकांनी चष्मा वर करून खूप वेळ निरखलं आणि सगळ्यात हलक्यावर बोट ठेवून सांगितलं, हाच असली.

मग मी माझी अट सांगितली. सगळ्यांचे फोटो हलके करते, माझा तेवढा आहे तसाच जड राहू द्या. लग्न करायचंच नाही असं नव्हतं, पण नोकरीत आत्ता कुठं पाय रोवले होते आणि मला थोडे दिवस हवे होते. फोटो काढूनच टाकू का, असंही विचारलं. त्याला वडील तयार होईनात. आमच्यात वेबसाइटवरचा फोटो हटवला की लोक जमलं असं धरून पेढे मागतात, आणि पेढे आले नाहीत तर मोडलं म्हणतात. म्हणजे फोटो ठेवायचा आणि तो उघडू द्यायचा नाही, हाच मधला मार्ग.

"समद्यांच्या पोरी झटक्यात दिसतील, अन् माझीच तेवढी अडकून राहील?" वडील म्हणाले. मला वाईट वाटलं. फाइल मात्र मी बदलली नाही.

वेबसाइट पळायला लागली. नायगावपासून उदगीरपर्यंतचे चेहरे बोट लावताच उघडायला लागले, मंडळाच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं, आणि त्या सगळ्या चेहऱ्यांत माझं एकटीचं कपाळ उभं राहिलं. आधी सगळेच अडकत होते तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं. आता विचारणा सुरू झाल्या. मुलीच्या तोंडावर काही डाग आहे का, असंही एकानं वडिलांना विचारलं. ते त्यांनी मला सांगितलं नाही, आईनं सांगितलं. तेव्हा मात्र माझा हट्ट ढिला पडला. माझ्या निवांतपणासाठी त्यांनी का ऐकून घ्यायचं? मी माझ्या फोटोचीही हलकी फाइल करायला बसले.

ती तयार होत आली तेवढ्यात ओसरीत वडिलांचा फोन वाजला. किल्लारीचे कुणीतरी होते, मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरची शेती. असलं स्थळ वडील कधीपासून शोधत होते. फोटोचा प्रश्न आलाच असणार.

"खोट काही न्हाई हो. पोरीनंच तसा ठेवलाय. तिला आत्ता घाई न्हाई." मग आवाज थोडा खाली आला. "अन् खरं सांगू का, मला बी न्हाई."

समोरचे बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. वडील हाव, हाव करत ऐकत होते. फोन ठेवल्यावर मी बाहेर गेले आणि कुणाचा होता म्हणून विचारलं.

"राँग नंबर," ते म्हणाले, आणि चहा टाक म्हणून पेपर उघडून बसले. मी पटकन आत आले, कारण मला रडू येत होतं.