भरितातलं मीठ

परवा धुळ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात वांगं भाजताना जळक्या सालीचा वास आला आणि गावाकडचं अंगण आठवलं. माझ्या लहानपणी काका वारले, तेव्हापासून काकू एक शब्दही बोलली नव्हती. पावसाळा सरून थंडी पडली, तसं घरातले म्हणू लागले, "हिला माहेरी पाठवा." आई मात्र रोज सकाळी तिला हाताला धरून कोवळ्या उन्हात बसवायची आणि पुढ्यात काहीतरी सोलायला ठेवायची, कधी शेंगा, कधी लसूण. त्या दिवशी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी होती. काकूने ती सोलली, आईने भरीत केलं, सगळे जेवायला बसलो. पहिला घास घेऊन काकू आईला म्हणाली, "अक्का, यामा मीठच नही शे." माझा घास हातातच राहिला. मग मिठाचा डबा पुढे सरकवत आई म्हणाली, "इतला दिन गप बसनी, आनि तोंड उघाडं ते मना सयपाकले नाव ठेवाले." काकू हसली. घरातली पहिली पदवी माझी, पण उदास वाटलं की मी अजून आईचाच उपाय करते, उन्हात काहीतरी सोलत बसते आणि काकूला फोन लावते. ती आधी मिठाचंच विचारते.