श्वास रोखून दिलेलं माप

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी कॉलरवाली म्हणत. दिवसभर कॉलरी जोडायच्या आणि पाठीमागे मुकादम उभा. "लघवीला किती वेळ लागतो गं तुला?" असं तो भर हॉलमध्ये विचारायचा, म्हणून ती पाणीच पीत नसे. दोन वर्षांत पाळीचं वेळापत्रक बिघडलं, केस मूठमूठ गळायला लागले, झोप उडाली, छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखा श्वास अर्ध्यातच अडू लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि स्पष्टच सांगितलं, "हा सगळा ताणाचा प्रताप. महिनाभर विश्रांती घे, नाहीतर मशीनवरच कोसळशील."

रजेचं ऐकून मुकादमाने दात काढले. "टेन्शन? तुम्हा बायकांना आजारसुद्धा फॅशनचे होतात!" आणि वर तोंड करून म्हणाला, "आधी माझा बंद गळ्याचा कोट शिव. मुलीचं लग्न आहे, घरचंच कार्य समज." काही माणसं लाज कोळून प्यालेली असतात.

टेप छातीला लागताच गड्याने पोट आत ओढलं, श्वास रोखला. माप देताना पुरुष हे करतातच. शिंप्याने फक्त "श्वास सोडा, साहेब" म्हणायचं असतं. तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि आलेल्या मापाने कापड बेतलं. कोट घालून पाहतानाही स्वारी आरशासमोर पोट ओढूनच उभी, आणि खूश.

लग्नात एखादा टाका उसवला तर हाताशी असावी म्हणून त्याने तिलाच बोलावलं होतं. वरात दारात आली आणि मुकादम घामाने डबडबला. कोट काढावा तर आत नुसता भोकं पडलेला बनियन, शेजारी व्याही. तिला मागच्या खोलीत ओढत नेऊन तो धापा टाकत म्हणाला, "उसव लवकर! जीव घुसमटतोय."

"रजा?"

"दिली! महिनाभर दिली!"

"दार उघडून सांगा. आपल्या कारखान्यातल्या सगळ्याजणी बाहेर जेवतायत."

त्याने ओरडून सांगितलं. तिने एका बाजूची शिवण उसवली. त्याने भरभरून श्वास घेतला, आणि तो आवाज ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. असा श्वास तिला कधीपासून मिळाला नव्हता.

"आणि दुसरी बाजू?"

"चालवून घ्या, साहेब. मी दोन वर्षं अर्ध्याच श्वासावर कॉलरी जोडल्यात."

तिने कात्री पिशवीत टाकली आणि जेवायला गेली.